हौसाच्या हाताचं यश

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोरीला नाही, टोळीतल्या दोस्तांना नाही. जिला सांगायला पाहिजे होतं तिलाही नाही — ती गेली. मी चौथी शिकलेला माणूस, उभा जन्म मार्केटात माथाडी टोळीत पोती उचलली, शेवटी टोळीचा मुकादम झालो. लिहिताना काय चुकलं तर समजून घ्या — लिहिण्यातलं. बाकीचं समजून घेऊ नका.

मी कामोठ्यात राहतो. बिल्डिंगच्या मागं, कंपाउंडला लागून सोसायटीच्या जमिनीची एक पट्टी आहे. कित्येक वर्षं तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. घाणेरी, गाजरगवत, वेडी बाभूळ, आणि वर कुणाकुणाच्या फोडलेल्या बाथरूमचं रॅबिट, विटा-लाद्यांचे तुकडे. यंदा उन्हाळ्यात मी कुदळ घेऊन आत शिरलो. पोरगी फोनवर ओरडली, "आबा, पडाल कुठंतरी!"

पडलो नाही. माणसं धावून आली. खालच्या मजल्यावरची मनीषा ऑफिसला सुट्टी टाकून आली, वॉचमननं घमेली वाहिली, सेक्रेटरी कोयता घेऊन बाभळीला भिडला. "बसा आबा, चहा घ्या, आमी हाय ना." एकट्या म्हाताऱ्याला कोण विचारतं हो? मला विचारलं. हे उपकार मी विसरायचा नाही.

रॅबिट बाजूला केलं, घाणेरीची मुळं उपटली, आणि खाली काळी माती लागली. भुसभुशीत, हातात घेतली की वास येणारी. इथं कुठली असते अशी माती? इथं खाडी बुजवून केलेला सगळा भराव — मुरूम, नाहीतर खारट चिखल. ती माती केली होती हौसानं. माझ्या बायकोनं. मी तिथंच खाली बसलो. मनीषाला वाटलं, चक्कर आली.

चक्कर नव्हती. काय होतं, तेच सांगायचंय.

हौसा माझ्यासारखीच साताऱ्याकडची. गावात पेरणीला लोक तिला बोलवायचे — पहिली मूठ हौसाची. तिच्या हाताला यश आहे म्हणायचे. मी रिटायर झालो तशी तिनं ही पट्टी धरली. डोक्याला फडकं, हातात खुरपं. तबेल्यातनं शेणाची पाटी डोक्यावर आणायची, पाला कुजवायची. आणि मी? गेटजवळच्या बाकावर, पांढरा शर्ट घालून. एकदा बाकावरचा एकजण म्हणाला, "काय मुकादम, वहिनींना रोजावर लावलंय वाटतं? हजेरी कोण घेतं?" सगळे हसले. मीही हसलो. आत जळलो. जन्मभर ओझं वाहिलं ते काय बायकोच्या डोक्यावर पाटी बघायला? — असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला तिची दया आली नव्हती. मला माझी लाज वाटली होती.

तिच्याकडं माहेरचं पावट्याचं बी होतं. राख लावून पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं. त्या संक्रांतीला बिल्डिंगमधल्या बायकांना तिनं वाण म्हणून त्याच्याच पुड्या दिल्या. "प्लास्टिकच्या वाट्या काय करायच्यात? पाऊस लागला की कुंडीत टाका." उरलेलं बी पट्टीसाठी राखलं.

पेरणीच्या आधी एक दिवस ती बाजारात गेली. मी — इथं हात थांबतोय माझा. लिहितोच. मी डबा काढला, तवा तापवला आणि ते बी तव्यावर टाकलं. भाजलं नाही. रंग बदलू नये इतपतच तापवलं. आतला जीव जाईल इतपत. थंड केलं, परत राख चोळली, डबा होता तिथं ठेवला. उगवलं नाही तर आपसूक सोडून देईल, बाकावर माझी चेष्टा थांबेल. एवढ्यासाठी.

नाही उगवलं. ती रोज सकाळी जाऊन उकिडवी बसायची, बोटानं माती उकरून बघायची. आणि मान वर केली की मनीषाच्या ग्रिलवर त्याच बियाचा वेल! वाणाचं बी तव्याच्या आधीच घराबाहेर गेलं होतं — माझ्या टाळक्यात ते आलंच नव्हतं. आता हौसानं काय समजायचं? बी तेच. माती तर तिची जास्त चांगली. मग उरलं काय?

"बी चांगलं हाय वो," ती म्हणाली. "माझ्याच हाताला यश ऱ्हायलं न्हाई."

रडली नाही. मनीषानं पहिल्या शेंगा तोडायला बोलावलं तर गेली, तोंडभरून कौतुक करून आली. पण पट्टीत परत पाय ठेवला नाही. त्या साली लोणचंही घातलं नाही. "नासंल. मनीषा घालंल." मी समोर बसून जेवत होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिचा हात तिला परत मिळाला असता. नाही बोललो. पुढं किती वर्षं त्याच हातानं तिनं मला वाढलं! अंथरुणाला खिळली तरी विचारायची, "जेवला का?" मी हो म्हणायचो. दुसरं काही बोलायला तेव्हाही तोंड उघडलं नाही.

पट्टी साफ झाली तशी मनीषा एक पुडी घेऊन आली. दरसाल ती त्या वेलाचं बी धरत आली होती.

"काकूंचंच बी आहे, आबा. पहिली मूठ तुमची."

"तू टाक गं."

"अं हं. काकू मला ओरडतील."

टाकलं. उगवलं — सगळंच्या सगळं. आता वेल कंपाउंडवर चढलाय, बिल्डिंगमधल्या घराघरांत शेंगा जातात. येणारा-जाणारा म्हणतो, "आबांच्या हाताला यश आहे हां!" मी नुसती मान हलवतो. हो, अजूनही.

माती तिनं केलेली. बी तिचं. मदतीला आली ती माणसंही तिनंच वाण देऊन जोडलेली. आज माझ्या ताटात जे पडतं ते सगळं हौसाच्या हातचं आहे, रोज तिचं नाव घेऊन खातो.

तवा तेवढा माझ्या हातचा.