शून्य ते शंभर पावलं

वेगाचे एवढे आकडे डोक्यात घेऊन एवढं सावकाश आयुष्य काढलेला माणूस आमच्या साडूंखेरीज कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. स्वतःची गाडी म्हणजे एक जुनी स्कूटर. ती त्यांनी चाळीसच्या पुढे कधी नेली नाही, कारण चाळीसला तिचं पुढचं मडगार्ड वाजू लागायचं. पण जर्मनीत बनणारी, दोन दारांची, इंजिन पाठीमागे असलेली एक बसकी स्पोर्ट्स कार त्यांना आरतीसारखी पाठ होती. साठ वर्षांत तिची जेवढी मॉडेलं निघाली, तेवढी सगळी. पहिलं एकशेतीस घोड्यांचं, शून्यावरून शंभराचा वेग गाठायला नऊ सेकंद. पहिलं टर्बो दोनशेसाठ घोड्यांचं, साडेपाच सेकंद. मग चारशेआठ, साडेचार. मग साडेसहाशे, पावणेतीनच्या आत. ही गाडी त्यांनी जवळून एकदाही पाहिलेली नव्हती. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण क्रमवार सांगितलेली कुठलीही गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकू शकतो. बहुधा म्हणूनच सासरच्या गोतावळ्यात त्यांचं माझ्याशी जमलं.

माणसांनाही ते त्याच मापाने मोजत. आमचे सासरे त्यांच्या मते पहिलं टर्बो होते. आधी बराच वेळ काहीच होत नाही, आणि होतं तेव्हा गाडी बांधाच्या पलीकडे. साडूंच्या थोरल्या मुलीला पाहायला कागलची मंडळी आली, तेव्हा सगळे मुलाचा पगार आणि शेती विचारत होते. साडूंनी मुलाला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या, बोअरची मोटर उचलायला हात लावायला सांगितलं आणि आत येऊन निकाल दिला, "पिकअप कमी हाय, पण वजन वडंल." लग्न ठरलं. जावई अजून वजन ओढतो आहे, यात वाद नाही. नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत त्यांनी पुढच्या अनोळखी गृहस्थाला दोन मॉडेलांतला फरक इतका मनापासून समजावला, की गाभाऱ्यासमोर पोहोचल्यावर त्या बिचाऱ्याने हात जोडून आधी त्यांच्याकडे पाहिलं.

एका रविवारी बंगळूरहून पुण्याकडे अशा गाड्यांचा एक ताफा जाणार, अशी बातमी त्यांना लागली. आम्ही डबा घेऊन हायवेवरच्या पुलावर जाऊन उभे राहिलो. चार तास उभे होतो. अखेर दुरून तो आवाज आला, आणि नेमक्या त्याच वेळी साडूंना खोकल्याची उबळ आली. कठड्याला धरून ते पार वाकले. गाड्या खालून निघून गेल्या. डोळे पुसत ते उभे राहिले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तिसरी मागच्या मॉडेलची हुती. आवाजावरनं कळतंय की." त्या दिवशी मी गाड्या मोजल्या, पाच. खोकला किती वेळ चालला, ते मोजलं नाही.

शिरोलीच्या एका फौंड्रीत ते बावीस वर्षं फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या ओतीव मालावरची वाळू झाडायची, कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, हे ते काम. तोंडावर मास्क लावायचा असतो. साडूंचा मास्क खिळ्याला टांगलेला असायचा, कारण तो लावला की ग्राइंडरचा आवाज नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्क तोंडाला असतो, कानाला नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, ऐकायला श्वासही मोकळा लागतो. बावीस वर्षांची ती बारीक वाळू त्यांच्या छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून आम्हाला दाखवला. बसलेली धूळ निघत नाही, म्हणाले. पुढचं बिघडणं वेळेवर पकडायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

त्यासाठी त्यांनी एक साधं काम दिलं. रोज सकाळी उठल्यावर, औषध घ्यायच्या आधी, सपाटीवर, एकदाच शंभर पावलं चालायची आणि लागलेला वेळ लिहून ठेवायचा. दोन मिनिटांच्या वर गेला, की ठरलेल्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात यायचं. शून्य ते शंभर, हे ऐकून साडूंचा चेहरा त्या दवाखान्यातही उजळला. मी त्यांना स्टॉपवॉच आणून दिलं. दर रविवारी त्यांच्या घरी जायचं, आठवड्याचे आकडे त्यांच्या कागदावरून फाइलमध्ये उतरवायचे, महिन्याची सरासरी काढायची, हे मी अंगावर घेतलं. आकडे सुरेख येत होते. ब्याण्णव सेकंद, चौऱ्याण्णव, नव्वद. पाच महिन्यांत एकशेदहाच्या पुढे एकही नाही. प्रत्येक महिन्याखाली मी हिरव्या पेनाने 'स्थिर' असं लिहिलं. डॉक्टरांनी फाइल चाळली, अशी नोंद सगळ्यांनी ठेवली पाहिजे म्हणाले, आणि औषध तेच चालू ठेवलं. परत येताना आम्ही दोघांनी मिसळ खाल्ली.

मग एका गुरुवारी, एरवी जात नाही अशा वाराला, मी दुपारी चारच्या सुमारास औषधं द्यायला गेलो. त्यांच्या गल्लीला घरापासून खाली उतार आहे. त्या उतारावर, शेजाऱ्यांच्या पायरीवर साडू बसले होते. हातात स्टॉपवॉच, ओठ जांभळट, खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते. मी विचारलं, हे काय चाललंय. ते बोटांनी तीन दाखवून म्हणाले, "तिसरी धाव."

मेहुणी, म्हणजे आमच्या अक्का, दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं. "सकाळचं कवाच लिवलं न्हाय त्यांनी, पावणं. सकाळी दारापत्तूर येतानाच बसत्यात. औषध घिऊन, जेवून, निजून उठलं की उतारावर चारदा-पाचदा चालत्यात. त्यातलं बरं तेवढं लिवत्यात. मी बोललं की म्हणत्यात, तुला न्हाय कळत, टायमिंग असंच घ्यायचं असतंय."

साडूंना घरात आणून बसवलं. श्वास जागेवर यायला वेळ गेला. मग ते शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, की कंपनी गाडीचं टायमिंग घेते तेव्हा हवा गार बघते, टाकीत पेट्रोल कमी ठेवते, चालवणारा हलका बघते, आणि दहा धावा करून सगळ्यात चांगली तेवढी छापते. "वाईट धाव कुणी छापतंय व्हय?"

"दाजी, आपल्याला डॉक्टरांना गाडी विकायची नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी स्टॉपवॉच बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमची फाइल लई छान दिसायची ओ. दर आयतवारी आकडा वाचून तुम्ही 'शाब्बास दाजी' म्हणायचा. खराब कराय नको वाटलं."

त्या दिवशी मी तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, औषधाच्या आधी, वरच्या सपाट रस्त्यावर आम्ही दोघं चाललो. दोनदा बसावं लागलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. "लिवा," ते म्हणाले. मी निळ्या पेनाने लिहिलं.

डॉक्टरांनी तो आकडा पाहिला, मागची पाच पानं पाहिली, आणि कुणालाच रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आधी आलो असतो तर फरक पडला असता का, असं साडूंना बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारलं. थोडा पडला असता, म्हणाले. थोडा म्हणजे किती, असं मी जन्मात पहिल्यांदाच विचारलं नाही. पाच महिन्यांत एकदाही मी साडूंना दिवसातून किती वेळा चालता, असंही विचारलेलं नव्हतं. मला आकडे हवे होते आणि आकडे येत होते.

आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. त्याची नळी पलंगापासून उंबऱ्यापर्यंत पुरते, त्यापुढे नाही. पावलं मोजायला डॉक्टरांनी आता सांगितलेलं नाही. ते का, हे साडूंनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गेल्या रविवारी त्यांना बाहेरची हवा बघायची होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, मी नळी उचलून धरली, आणि आम्ही मधे थांबत थांबत उंबऱ्यापर्यंत गेलो. तिथे खुर्चीत बसून ते गल्लीकडे बघत राहिले. मी शेजारी पायरीवर बसलो. अक्कांनी दोघांचा चहा दोनदा गरम करून आणला, तरी आमच्यातलं कुणी आत चला म्हणालं नाही.