दोन नाणी आणि ह्यांची पँट

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेला बमरोलीत राहायचो. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी एक बाई दारावर यायची. प्रत्येक कपडा ती एक डोळा मिटून उन्हात धरायची आणि विरलेली जागा सापडली की हसायची.

एकदा डब्यावरून अडलं. तिला दोन साड्यांवर ह्यांची लग्नकार्यातली पँटही हवी होती. ती म्हणाली, "बेन, एक रुपया आणि एक आठ आणे उडवा. दोन्ही सारखे पडले तर पँट तुमची, वेगळे पडले तर माझी."

मी स्वतःला फार हुशार समजायचे. दोन छापे, दोन काटे, नाहीतर एकेक, मी बोटांवर मोजत पुटपुटले. म्हणजे तिनात दोन माझे. मला तिची कीवच आली.

रुपयाचा छापा पडला, आठ आण्यांचा काटा.

"रुपयाचा काटा न् ह्याचा छापाही पडला असता ना?" पँटची घडी घालत ती म्हणाली. "ते वेगळं धरायचं, बेन. चारात दोन तुमचे, दोन माझे. मला लुटायच्या घाईत तुम्ही एक मोजलंच नाही."

ह्यांना मी सांगितलं, पँट उंदरांनी कुरतडली, टाकून दिली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पिंजरा आणला, आणि महिनाभर मी त्यात रोज इमानेइतबारे पोळीचा तुकडा लावत होते.