मागची डावी सीट

“काका, मागच्या डाव्या सीटवर कुणाला बसवू नका,” गाडीची चावी देताना नितीन म्हणाला.

कोपरला माझं गॅरेज आहे, गिऱ्हाइकांच्या तऱ्हा मला नवीन नाहीत. “का रे, रिझर्व्हेशन आहे का?”

तो हसला नाही. “आई तिथेच गेली.”

श्रावणात आईच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून तो तिला कल्याणच्या हॉस्पिटलात घेऊन निघाला होता. ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर गाडी अडखळायला लागली. एक्सिलेटर दाबला तरी उचलेना. पूल उतरेपर्यंत आई गेली होती. तेव्हापासून त्या जागेवर कुणी बसलं की गाडी चढावर अडखळते. जागा रिकामी असली की सुरळीत.

“आई रागावलीय, काका. मी तिला वेळेत पोचवलं नाही. रात्रभर डोळा लागत नाही. त्यात बायकोला, शिल्पाला, आठवा महिना लागलाय, बाळंतपणाला तिला याच गाडीतून न्यायचंय.”

“मग विकून टाक गाडी.”

“आणि आईला?” त्याने विचारलं.

मी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कुठे दुखतंय ते विचारायचं यंत्र. गाडी म्हणाली, कुठेच नाही. एकट्याने पुलावर फेऱ्या मारल्या, लोण्यासारखी चालली. अधूनमधून येणारा फॉल्ट हा आमच्या धंद्यातला खरा वैरी, गॅरेजात आला की दडी मारतो. पण जागा बघून येणारा फॉल्ट मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नितीनला चालवायला बसवलं आणि मी त्या जागेवर बसलो.

“काका, नको.”

“चल रे, मुकाट्याने.”

चढ लागला आणि गाडीने आचका दिला. मग दुसरा. मी उजवीकडे सरकलो, गाडी सुरळीत. पुन्हा डावीकडे आलो, आचका. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. नितीन आरशातून मागे बघत होता, पण तो मला बघतोय असं मला काही वाटेना.

गॅरेजात आल्यावर त्याला चहा प्यायला पिटाळलं आणि सीट उपटली. या गाडीत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. टाकीतला पंप पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो आणि त्या पंपाची वायर सीटखालच्या खाचेतून जाते. इथे ती खाचेत नव्हती. सीटच्या लोखंडी फ्रेमखाली चेपली गेली होती, आतले तांब्याचे धागे तुटत आले होते. वर माणूस बसला की पंपाला करंट कमी पडायचा. चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, तिथे गाडीचा दम संपायचा.

भूत सापडलं म्हणून मी खूश झालो. नितीन परतल्यावर विचारलं, “ही सीट कुणी खोललेली का?”

“हो ना. कल्याणला नवीन कव्हर घातलेलं, आत जादा फोम टाकून. आईची कंबर दुखायची. म्हटलं, तिला आराम पडेल.”

“कधी?”

“ती गेली त्याच्या आदल्याच आठवड्यात.”

वायर माझ्या हातात होती. फ्रेमचा दाब तिच्यावर स्पष्ट उमटला होता. उंदराच्या दातांच्या खुणा मी चिक्कार पाहिल्यात, त्या अशा नसतात.

“काय झालेलं, काका?”

“उंदीर,” मी म्हणालो. “वायर कुरतडलेली. पावसाळ्यात शिरतात मेले. आईचा राग-बिग काही नाही.”

“म्हणजे त्या दिवशी पण...?”

“त्या दिवशी पण उंदीरच.”

तो तिथेच टायरवर बसला आणि हमसून हमसून रडला. मी वायरचा तो तुकडा कापून खिशात टाकला आणि नवी वायर नीट खाचेत बसवली. फोमला हात लावला नाही. कव्हरवाल्याला मात्र दुसऱ्या दिवशी कल्याणला जाऊन असा झाडला की तो पुन्हा खाच विसरणार नाही.

वायर बसवली त्या संध्याकाळीच शिल्पा त्याच जागी बसली. मी पुढे, नितीन चालवायला. पूल चढलो, उतरलो, गाडीने हूं की चूं केलं नाही.

“सीट किती मऊ आहे हो,” शिल्पा मागून म्हणाली. “आईंना बरं वाटलं असेल.”

“तिच्यासाठीच करून घेतलेली,” नितीन म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला असावा. मी खिशातला हात बाहेर काढला नाही.

मेकॅनिकने फॉल्ट अचूक शोधावा. सांगताना मात्र कधीकधी उंदरावर ढकलावा. त्याची झोप उडत नाही.