वरातीच्या घोडीची लस

२०१६ साल, मी तेव्हा सहासष्टचा. कुठं स्पिरिटचा वास आला की अजून ती दुपार आठवते. रोह्यात माझी वरातीची घोडी होती. तिच्या आधीचा घोडा लग्नसराईत पोट फुगून, खुरं तापून मेला होता, म्हणून पेणहून गुरांची डॉक्टरीण लस घेऊन आली. शाळा मी दुसरीत सोडलेली, पण विचारल्याशिवाय सुई टोचू देणारा मी नव्हे. म्हटलं, "बाय, बाटलीत काय हाय?" म्हणाली, "मेलेले जंतू." "मेल्यावर कुणी चावतो व्हय?" ती हसली. "बाबा, हे मेल्यावरच त्यांच्या अंगातलं विष सुटतं. घोडीनं डाळ जास्त खाल्ली की पोटात ते ढिगानं मरतात आणि विष रक्तातून खुरांत उतरतं. लशीत ते अगदी थोडं असतं, रक्तानं ओळखून ठेवावं म्हणून." मला मोठी गंमत वाटली, रक्ताला पण ओळख असते! मी घोडीची मान धरली, डॉक्टरणीनं स्पिरिटचा बोळा फिरवून सुई टोचली. जाताना बजावलं, "नुसत्या लशीवर विसंबू नका, डाळ बंद." इथं झाली पंचाईत. वरातीआधी करवलीनं घोडीला हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवायचा रिवाज, नाय म्हटलं तर अपशकुन. दुसऱ्या सकाळी निडी गावच्या लग्नात करवली ताट घेऊन आली, तसा मी घोडीच्या पुढं झालो आणि ताटात हात घातला. करवली ओरडली, "अवो, ही डाळ घोडीची हाय!" म्हटलं, "तिचा उपास हाय गो, माझा नाय," आणि सगळ्या वऱ्हाडासमोर ती डाळ मूठमूठ मीच खाल्ली.