गल्लीभर वाटली गेलेली माझी गोळी

काल हिंगोलीत एका बारशाला गेले होते. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "आमच्या वेळी न्हवतं बाई हे पॅनिक-बिनिक." बाई, होतं. नाव माहीत नव्हतं, एवढंच...

सत्तरच्या दशकात मी इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, लग्न करून इकडे आलेली. फळ्यावर लिहिता लिहिता एकदम छाती धडधडायची, हात बधिर व्हायचे आणि वाटायचं, आता मरणार... इथेच, मुलींसमोर.

गावातल्या डॉक्टरांनी शांत करणारी गोळी दिली. थोड्या वेळात जीव ठिकाणावर यायचा. पर्समध्ये ती डबी असली की मी वर्गात उभी राहू शकायचे.

पण लगेच गुण येणारं औषध आमच्या गल्लीत कुणा एकीचं राहत नसे. एका दुपारी शिकवताना धडधड सुरू झाली, डबी उघडली तर रिकामी. मी वर्ग सोडून पळाले. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर नोकरीत कायम करणार नाही.

घरी सासूबाई निवांत शेंगा सोलत होत्या. "शेजारच्या शांताला झोप न्हाई येऊन राहिली, तिला दिल्या. रुकसानाच्या आईला धडकी भरती, तिलाबी दिल्या. काहून चिडून राहिलीस? तू तर चांगली धडधाकट दिसतीस."

शेवटी नवऱ्याला घेऊन मी औरंगाबाद गाठलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हीच गोळी चालू ठेवली तर सवय लागेल. दुसरी एक आहे, रोज रात्री घ्यायची, पण गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर झटके येतील, सुरुवातीला कदाचित जास्तच. हे सगळं ते माझ्या नवऱ्याला सांगत होते... आजारी जणू तोच.

नवरा म्हणाला, "लगेच गुण येणारीच द्या साहेब. हिची नोकरी जाईल, आणि..."

"दुसरी द्या," मी मध्येच बोलले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी जाण्याची भीती मलाही होती. पण डबी रिकामी दिसताच जिचा श्वास अडकतो, ती बरी झाली असं कसं म्हणायचं?

जुनी गोळी त्यांनी हळूहळू कमी करायला सांगितली. ते आठवडे... तोंडाला कोरड, हाताला कंप. वर्गात झटका आला की टेबलाची कड धरायची, एखाद्या मुलीला धडा वाचायला लावायचं आणि दाराकडे बघायचं नाही. पळाले मात्र नाही.

मध्येच शांतानं सासूबाईंकडून नवी गोळीही नेली. सकाळी तणतणत आली, "कसली वो ही गोळी, मास्तरीणबाई? झोप न्हाई, काही न्हाई, निस्तं तोंड वाळलं." त्यानंतर माझ्या औषधाला कुणी हात लावला नाही.

मग एके दिवशी तास संपल्याची घंटा झाली आणि लक्षात आलं, तासभर मला माझी छाती आठवलीच नव्हती. पुढे त्याच शाळेतून निवृत्त झाले.

त्या औषधाचे उपकार मानतेच. पण त्याहून जास्त, त्या दवाखान्यात नवऱ्याचं वाक्य तोडून बोललेल्या, भेदरलेल्या त्या तरुण बाईचे.