हाकलायची हाक

आमच्याकडे एखाद्याला शिवी द्यायची झाली तर 'डुकरा' म्हणतात. मी ती शिवी द्यायची सोडून दिली आहे. तेवढी लायकी फार थोड्या माणसांची असते.

हसू नका. मी दोन डुकरिणी वाढवल्यात, माझ्या या हातांनी, आणि त्याही किन्हवलीच्या बाजूला, भात पिकवणाऱ्या गावात, जिथे रानडुकराचं नुसतं नाव काढलं तरी माणसं कपाळाला हात लावतात. एक थोरली, एक धाकटी. दुसरं नाव कधी सुचलंच नाही आणि त्यांनी मागितलंही नाही.

त्या आल्या मुरबाडच्या बाजूनं. धसईजवळ एका मुंबईवाल्याचा बंगला आहे, आमचे हे तिथे राखण करतात. बंगलेवाल्यानं मुलांची हौस म्हणून दोन पिल्लं आणली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ही जात मांजराएवढीच राहते. कसली मांजराएवढी! पावसाळा लागायच्या आत दोघींनी मिळून बागेतलं गवत नांगरून काढलं. मग त्याचा फोन आला, "काका, यांचं काहीतरी करा." काहीतरी म्हणजे काय ते ह्यांना बरोबर समजलं. त्या रस्त्यानं डुकरं नेणारा एक माणूस यायचाच, आणि तो ती कशाला नेतो हे सांगायला नको.

मी त्या दिवशी बंगला झाडायला गेले होते. थोरली आली आणि तिनं माझ्या पदराला नाक पुसलं. धाकटी भिंतीला तोंड लावून उभी, सगळं अंग थरथरतंय. मी झाडू खाली ठेवला आणि ह्यांच्याकडे वळले.

"टेम्पो बोलवा," मी म्हटलं.

"डोकं ठिकाणावर हाय का तुजं? गाव काय बोलंल?"

"गावाला तोंड दिलंय देवानं, बोलू द्या. टेम्पो बोलवा."

गाव बोललंच. पण तोंडावर बोलणारा एकच, माझा चुलत दीर. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, मधे फक्त बांध. आदल्या वर्षी रानडुकरांनी त्याचं तयार झालेलं भात लोळवून टाकलं होतं, त्यामुळे त्याचा राग मला समजत होता. टेम्पोतून दोघी उतरल्या तसा तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"वयनी, तुमचा मान हाय, म्हनून आधी सांगतो. माज्या भातात यांचा एक खूर पडला, तर मी कोयता घेईन. मग बोलू नका."

"नाय पडणार," मी म्हटलं. आवाज चढवूनच म्हटलं, कारण माझी स्वतःचीच खात्री नव्हती.

आमच्या ह्यांनी मात्र वेगळी अट घातली. भात कापून होईस्तोवर दोघी माणसाळल्या तर राहतील, नाहीतर डुकरं नेणाऱ्या त्या माणसाला फोन. दोघी म्हणजे दोघी. एक माणसाळून चालणार नाही, कारण बुजलेलं जनावर कुठेही घुसतं. मी कबूल केलं.

थोरलीचं काही अवघड नव्हतं. आठ दिवसांत ती कुत्र्याशी खेळायला लागली, कुकरच्या शिटीला घाबरेनाशी झाली, बचत गटाच्या बायका जमल्या की प्रत्येकीच्या पुढ्यात जाऊन काकडीचा तुकडा वसूल करायची. एकीनं दिला नाही तर तिची चप्पलच उचलून नेली. पण धाकटी! कुणी "ये ये" करत हात पुढे केला की ती गोठ्याच्या कोपऱ्यात. पहिल्याच दिवशी मला चावली. अजून वण आहे अंगठ्यावर, पाहिजे तर दाखवते.

मग मी माझी रीत काढली. रोज संध्याकाळी गोठ्यात जायचं आणि तिच्याकडे पाठ करून जमिनीवर फतकल मारून बसायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही. मांडीवर उकडलेला भोपळा नाहीतर रताळी. पंधरा दिवस ती आलीच नाही. माझी कंबर मोडायची वेळ आली, मी तिला नाही नाही ते बोलले, पण बसायचं सोडलं नाही. एके दिवशी पाठीला ओलं नाक लागलं. मी श्वास रोखला. मग ती शेजारी येऊन धपकन आडवी पडली, पोट वर करून. आधी पोट खाजवून घ्यायचं, मग खायचं, हा नियम तिनंच ठरवला. मला रडू आलं, लपवण्यासारखं त्यात काय आहे?

पण ती माझ्यापुरतीच. दुसरं कुणी आत आलं की पुन्हा कोपरा. भात पिवळं पडायला लागलं, हे नुसते गोठ्याकडे बघायचे आणि फोन खिशात आहे का चाचपायचे. मला झोप लागेना.

आता त्यातली गंमत सांगते, जी मला तेव्हा कळलीच नव्हती. त्या दिवसांत तिन्हीसांजेला आम्ही सगळेच आपापल्या बांधावर जाऊन रानडुकरं हाकलतो. डबा वाजवायचा आणि पोटातून ओरडायचं, "हुर्रऽऽ होऽऽ!" आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांना येते ती हाक. मी बांधावर उभी राहून चांगली पाच-सहा वेळा ओरडायची आणि तशीच घराच्या मागच्या, शेताला लागून असलेल्या गोठ्यात जाऊन भोपळा घेऊन बसायची. रोज. एक दिवस चुकवला नाही.

कापणी सुरू झाली. दीर सकाळपासून बायका घेऊन त्याच्या शेतात होता, मी आमच्या. गोठ्याची कडी ह्यांनी नीट लावली नव्हती. यावरून मी अजून बोलते त्यांना. थोरली गेली चुलीकडे, खायला शोधत. आणि धाकटी आली शेताकडे. रंगानं काळी, पाठीवर राठ केस. लांबून बघणाऱ्याला रानडुक्करच वाटणार. बांधाशी येऊन ती थबकली.

एका बाईनं बघितलं आणि किंचाळली. दिरानं कोयता उगारला आणि सगळे एका सुरात ओरडले, "हुर्रऽऽ होऽऽ!"

धाकटीनं कान ताठ केले आणि सुसाट धावत सुटली. पळाली नाही हो, त्यांच्याकडे धावत सुटली!

बायका विळे टाकून बांधावर चढल्या. मी साडी वर खोचून धावतेय, "मारू नका, भावजी, मारू नका," पण त्या गोंगाटात ऐकतंय कोण? दीर अजून मोठ्यानं ओरडला आणि ती अजून जोरात आली. शेवटी तो पळायला वळला, चिखलाच्या पट्टीवर पाय घसरला आणि गडी धपकन खाली बसला. तिच्याकडे पाठ करून, फतकल मारून.

ती थांबली. हळूच पुढे गेली आणि त्याच्या पाठीला नाक लावलं. त्यानं गर्रकन वळून कोयता वर केला. तेवढ्यात ती त्याच्या शेजारी आडवी झाली, चारी पाय सोडून, पोट वर.

कोयता तसाच वर राहिला. कितीतरी वेळ राहिला. मग दीर माझ्याकडे बघून म्हणाला, "वयनी, हिला काय पायजे?"

"पोट खाजवा," मी म्हटलं. "मी हात जोडते, पोट खाजवा."

त्यानं कोयता खाली ठेवला आणि खाजवलं. तिनं डोळे मिटले. बांधावर बायका हसून हसून बेजार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळे तिला "ये ये" म्हणत होते. तिच्या लेखी "ये" म्हणायचा शब्द वेगळाच होता, आणि तो मीच शिकवला होता, गावाच्या डोळ्यांदेखत, रोज संध्याकाळी.

त्या दिवशी आमच्या ह्यांनी फोनमधून त्या माणसाचा नंबर काढून टाकला. मी समोर उभी राहून काढायला लावला.

आता आमच्या आळीत रानडुकरं हाकलायला नुसते डबे आणि फटाके. तोंडानं कुणी ओरडत नाही, कारण ओरडलं की आमच्या दोघी हजर. माझ्या पोरींसाठी आळीनं आपली हाक बदलली, आणि हे मी बाजारात, एसटीत, कुणी विचारो न विचारो, सगळ्यांना सांगते.

ती हाक आता एकाच ठिकाणी ऐकू येते. संध्याकाळी दीर गोठ्याच्या दारात येतो, इकडेतिकडे बघतो आणि हळू आवाजात म्हणतो, "हुर्र हो." मग दगडावर भोपळा ठेवतो आणि त्याच कोयत्यानं फोडी करतो, धाकटीच्या तोंडात मावतील एवढ्या बारीक.