उपाशी बाटली

"तूच म्हणाली होतीस ना मुंगे, उपाशी पेशी स्वतःलाच खाते? मग खाऊ दे की गाठीला स्वतःला. मी कशाला मध्ये घास घालू?"

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसून दादाने डबा न उघडताच बाजूला सरकवला. वहिनीने सकाळी भरून दिलेला. दादा हाडाचा सुतार. आता नुसती हाडंच उरली होती. पोटात गाठ. वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस देणार नाही, असं इलाज करणाऱ्या डॉक्टरने कालच बजावलं, तेव्हा कुठे सगळं उघडकीला आलं. आणि हा बाबा कधीपासून चोरून उपाशी! घास रुमालात, रुमाल खिडकीबाहेर झटकायचा.

मुंगी त्याची धाकटी बहीण. चणीने बारीक, सदा काहीतरी वेचत असायची, म्हणून हे नाव. कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, उपाशी ठेवायच्या आणि त्या मरत का नाहीत ते बघायचं, यातच तिचे केस पिकले. एकदा जेवताना तिने दादाला त्याच्याच भाषेत सांगितलं होतं, अडचणीतली पेशी घरातलं मोडकं लाकूड चुलीत घालते. पुढचं सांगायच्या आत कुणीतरी दुसराच विषय काढला. आजारी पडल्यावर दादाने तेवढंच काखोटीला मारलं.

कालपासून ती सांगून सांगून थकली होती. पण सुताराला डोळ्यांनी बघितल्याशिवाय सांधा पटत नाही. तिने त्याला दंडाला धरून आत नेलं, एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"परवापासून उपाशी आहे ही. बघ."

फळी सरळ आहे का बघावं तसा दादाने एक डोळा मिटला.

"जिवंत आहेत?"

"तळाला चिकटून बसल्यात ना? मेल्या असत्या तर सुटून तरंगल्या असत्या."

"खातात काय?"

"स्वतःचंच मोडकंतोडकं. घर मात्र पाडत नाहीत. घर तुझं पडतंय, दादा. मांड्या बघ तुझ्या."

दादा बराच वेळ डोळा लावून राहिला.

"अर्धंच सांगितलंस तेव्हा."

"हो."

"यांना मारायचं काही आहे तुझ्याकडे?"

"त्यांची चूल विझवणारं औषध आहे. बाटलीत चालतं. माणसात धड चाललेलं अजून बघितलं नाही."

"खोटं तरी बोलायचंस."

"तुला खोटा सांधा चालतो?"

तो हसल्यासारखा झाला. बाहेर येऊन त्याने डबा उघडला आणि भुसा चावावा तसा चावू लागला. तिसरा घास उलटला. रुमालाने तोंड पुसून त्याने चौथा उचलला.

"जा तू आत. अशी बघत उभी राहिलीस की घास उतरत नाही."

मुंगी आत गेली. हातमोजे चढवले. ज्या बाटल्यांना खायला द्यायचं होतं, त्यांच्यातलं जुनं पाणी काढून पेशींना पोसणारं ताजं गुलाबी पाणी घातलं. उपाशी बाटलीची वेळ अजून भरली नव्हती; ती तशीच उबेच्या कपाटात परत ठेवली. बाहेर दादा खोकत होता. तिने पुढची बाटली घेतली.